अकालजलद आणि टिटवी

गेल्या चैत्रात, रामनवमीचा उत्सव आटोपल्यानंतरच्या रविवारी, पेडणे महालातील एका देवळाच्या सभामंडपात कविसंमेलन झाले. महाजन मंडळींच्या आग्रहावरून आम्हीही त्यास उपस्थित होतो. कविसंमेलनास जाणे आणि कविता ऐकणे या दोन गोष्टी नेहमीच एक असतात असे नाही; परंतु त्या रात्री आम्ही एक कविता खरोखरच कान देऊन ऐकली, आणि त्याचे श्रेय कवीपेक्षा पावसाला अधिक द्यावे लागेल. एक तरुण कवी वसंतावरची आपली रचना वाचण्यास उभा राहिला. पहिले कडवे संपते न संपते तोच सह्याद्रीच्या बाजूने ढग गडगडले आणि मंडपापुढच्या पत्र्यांवर सरी ताशासारख्या वाजू लागल्या. ध्वनिक्षेपक बंद पडला. कवीने धीर सोडला नाही. आवाज चढवून तो वाचीत राहिला. त्याच्या कवितेत आंब्याचा मोहर दरवळत होता, कोकिळा गात होती, गावच्या तळीत राजहंस विहरत होते, चकोर चांदणे पीत होता, आणि शेवटच्या कडव्यात तृषार्त चातक पाण्याच्या एका थेंबासाठी आकाशाची आळवणी करीत होता. नेमक्या त्याच वेळी आकाशातून पडणाऱ्या पाण्याने कडेच्या दोन रांगांतील श्रोते भिजून आत सरकत होते. शेवटी टाळ्या पडल्या. त्या कवितेला होत्या की कवीच्या चिकाटीला, हे सांगणे कठीण आहे.

त्या कवीचे नाव येथे अप्रस्तुत होय. त्याचे वृत्त निर्दोष होते, शब्दांवर त्याची पकड होती, आणि आवाजात ऐट नसून आर्जव होते. त्याच्या रचनेत दोष असलाच तर तो त्याच्या एकट्याचा नाही. गेली कित्येक शतके आपण सर्वांनी मिळून जपलेला तो वारसा आहे. आम्हांला पडलेला प्रश्न इतकाच की, कवितेत आलेल्या पाच-सहा वस्तूंपैकी एकही वस्तू त्या दिवशी त्या गावात कवीने पाहिली नव्हती, आणि जी वस्तू सर्व गाव पाहत होता, ऐकत होता, अंगावर घेत होता, तो चैत्रातला पाऊस, तिला कवितेत जागाच नव्हती. हे न्यून मानावे काय? मानावे तर कोणत्या आधारावर?

या प्रश्नाचा विचार आपल्या साहित्यशास्त्राने केलेला नाही असे मुळीच नाही. इसवी सन ९०० च्या सुमारास कनोजच्या राजसभेत असलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त 'कविसमय' या नावाने त्याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. कविसमय म्हणजे कवींचा संकेत. जो शास्त्रातही नाही आणि लोकव्यवहारातही नाही, परंतु परंपरेने चालत आला आहे असा अर्थ. राजशेखर त्याचे तीन प्रकार सांगतो. जे नाही त्याचे वर्णन करणे, हा पहिला. उदाहरणार्थ, वाहत्या नदीत कमळे आणि प्रत्येक जलाशयात हंस. जे आहे त्याचे वर्णन न करणे, हा दुसरा. उदाहरणार्थ, वसंतातली मालती. आणि जे अनेक ठिकाणी व अनेक काळी आढळते ते एकाच ठिकाणी वा काळी बांधून टाकणे, हा तिसरा. कोकिळाचा स्वर ग्रीष्मातही ऐकू येतो, पण कवीने तो वसंतातच ऐकायचा, आणि मोराने वर्षाऋतूतच नाचायचे. आमच्या तरुण कवीच्या तळीत राजहंस कोठून आले, याचे उत्तर अकराशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे!

राजशेखराने या संकेतांचे समर्थनही केले आहे, आणि ते समर्थन फार सुंदर आहे. तो म्हणतो की, पूर्वीच्या विद्वानांनी वेदांचे व शास्त्रांचे अवगाहन केले, देशोदेशी व द्वीपांतरी भ्रमण केले, आणि प्रत्यक्ष जे आढळले ते लिहून ठेवले. पुढे देश बदलला, काळ बदलला, वस्तू निराळ्या झाल्या. तरीही कवी त्या पूर्वीसारख्याच वर्णन करतात, तो कविसमय. म्हणजे आजचा संकेत हे कोणा एकाचे एके काळचे निरीक्षण होते! कोणीतरी कधीतरी खरोखरच पाण्याकाठी उभा राहिला होता, आणि त्याने खरोखरच हंस पाहिला होता. आपण त्याची दृष्टी वारशाने घेतली. त्याचे पाय मात्र घेतले नाहीत.

येथपर्यंत आम्ही राजशेखराचे शिष्य आहोत. पुढे मात्र आमचा त्याच्याशी मतभेद होतो. ऋतूंच्या विवेचनात तो असा निर्णय देतो की, देशपरत्वे पदार्थांच्या स्वरूपात फरक दिसतो खरा, परंतु कवीने तो फरक काव्यात आणू नये. पूर्वकवींनी जे बांधले तेच आपणांस प्रमाण. हे वाक्य वाचताना आमच्यातला वकील जागा झाल्याशिवाय राहिला नाही. पूर्वनिर्णयाचे महत्त्व आमच्याइतके कोण जाणतो? आमचा सारा व्यवसाय त्यावर चालतो. परंतु पूर्वनिर्णय लागू होण्यासाठी वस्तुस्थिती सारखी असावी लागते, आणि ती सारखी नसल्यास कितीही थोर न्यायाधीशाचा निर्णय समोरच्या प्रकरणाला लागत नाही, हा धडा आम्ही कायद्याच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकतो. काव्याच्या न्यायालयात वस्तुस्थितीची तपासणी करावयाची तर साक्ष कोणाची काढावी? आम्ही ती पक्ष्यांची काढावी असे ठरवले.

त्यासाठी मुद्दाम प्रवास करावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सोमवारी डिचोलीच्या कोर्टात आमचे काम होते, आणि त्या बाजूस जाताना पहाटेची घटकाभर आमठाण्याच्या धरणावर घालवण्याची आमची जुनी सवय आहे. आमठाणे हे काही प्रेक्षणीय स्थळ म्हणून बांधलेले नाही. तेथले पाणी अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पाकडे जाते, आणि बारदेशातील कित्येक घरांत सकाळी नळ उघडला की ते येते. शेजारच्या मये गावातील तळ्यासारखी येथे पर्यटकांची वर्दळ नसते. चैत्रात पाणी उतरू लागते, काठची तांबडी माती आणि चिखल यांचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि त्या पट्ट्यावर पक्ष्यांचे सारे जीवन चालते. धरणाचे हे उतरते पाणीच पक्षिनिरीक्षकाचे पंचांग असते.

त्या पहाटे पाऊस थांबला होता, पण आभाळ फाल्गुन-चैत्राचे नव्हते. पाण्यावर धुके असे नव्हते. ओलसर उकाडा होता. रात्रभर भिजलेले पाणकावळे वाळक्या खोडांवर पंख पसरून बसले होते. टिबुकल्या नेहमीप्रमाणे बुडी मारून भलतीकडेच वर येत होत्या. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे जपून पावले टाकीत होते. काठच्या गवतात बेडकांनी जणू आषाढ मानून गजर मांडला होता, आणि त्या भोळसट गायकांवर बगळ्यांची व ढोकऱ्यांची मेजवानी चालली होती. खंड्या एका तारेवर बसून हे सारे पाहत होता. परटाची जात मात्र दिसली नाही. थंडीतला तो पाहुणा उत्तरेच्या वाटेला लागला असावा.

आता साक्षीदार एकेक करून तपासू. हंस नव्हता. 'हंस' या शब्दाने ज्याचा बोध घ्यावा असे अनेक अभ्यासकांना वाटते, तो पट्टकादंब हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात उतरतो, आणि वसंत आला की परत फिरतो. या विषयावर के. एन. दवे यांनी १९८५ साली संस्कृत वाङ्मयातील पक्ष्यांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकेका संस्कृत नावामागे खरोखरचे किती पक्षी दडलेले असतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो अवश्य चाळावा. चकोर नव्हता, आणि नसणारच. तो हिमालयाच्या व वायव्येच्या डोंगरउतारांवरील तित्तिरकुळातला पक्षी आहे, गोव्याच्या चांदण्यावर त्याचा हक्क नाही. चातक नव्हता. डोक्यावर तुरा असलेला हा काळा-पांढरा पक्षी मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे समुद्रापलीकडून येतो, सुरवंट खातो, आणि इतर पक्ष्यांप्रमाणे पाणी पितो. त्याच्या येण्याचा पावसाशी संबंध जोडणाऱ्या पहिल्या कवीची दृष्टी खोटी नव्हती. खोटे ठरते ते त्याला चैत्रात बोलावणे. कोकिळ मात्र हजर होता, आणि पलीकडच्या काजूच्या बागेतून एकसारखा ओरडत होता. पण तो कोकिळ होता, कोकिळा नव्हे. कुहूकुहू करणारा तो काळाभोर नर. ठिपक्याठिपक्यांची मादी त्या स्वरात गातच नाही. मराठी कवितेने पिढ्यान्‌पिढ्या गाण्याचे श्रेय चुकीच्या पक्षकाराला देऊन ठेवले आहे.

इतके ऐकून वाचक म्हणतील की, हे सारे टीकेचे नव्हे, पक्षिशास्त्राचे काम झाले. काव्यात खरे-खोटे पाहत नाहीत, रस पाहतात. हा आक्षेप आम्हांला पूर्ण मान्य आहे. चकोर चांदणे पीत नाही म्हणून ज्ञानदेवांनी श्रोत्यांच्या कोवळ्या मनाला दिलेली चकोराच्या पिलाची उपमा तसूभरही उणी होत नाही. ज्ञानदेव तेथे पक्षी सांगत नाहीत, ऐकण्याची रीत सांगत आहेत, आणि ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. संकेत हा संकेत म्हणून वापरला तर तो नाण्यासारखा चालतो. पण ज्या कवितेचे नाव 'आमच्या गावचा वसंत' असे आहे, तिने आपल्या गावचे काहीतरी पाहिलेले असावे, ही अपेक्षा शास्त्राची नव्हे, रसाचीच आहे. न पाहिलेल्या वस्तूवर भाव बसत नाही. तो सरकून जातो, जसे श्रोते त्या रात्री सरकले.

आणि आपली परंपरा तरी अवेळच्या पावसाला इतकी अनोळखी होती काय? राजशेखराच्या पणजोबांचे नाव काय होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 'बालरामायणा'त राजशेखर त्यांचा उल्लेख महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून करतो, आणि त्यांचे नाव 'अकालजलद' असे देतो. अकालजलद, म्हणजे अवेळचा मेघ! जुन्या सुभाषितसंग्रहांत या नावाशी जोडलेला एक श्लोक येतो. त्यातले चित्र असे: उन्हाळ्याने आटलेले सरोवर, बेडूक कपारींत मेल्यासारखे पडलेले, कासवे जमिनीत शिरलेली, मासे चिखलात लोळून पुन्हा पुन्हा मूर्च्छित होत असलेले. त्याच सरोवरावर अवेळचा मेघ चढून येतो आणि असे काही करतो की, रानहत्तींचे कळप गंडस्थळापर्यंत बुडून तेथे पाणी पितात. ज्याने हे लिहिले त्याने आटलेले तळे जवळून पाहिले होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. बेडूक, कासव आणि मासा हे तिघे उन्हाळा कसे कंठतात, हे घरात बसून सुचत नाही. आमठाण्याच्या काठी त्या पहाटे बेडकांचा गजर ऐकताना हाच श्लोक आम्हांला आठवला, आणि क्षणभर वाटले की, आमच्या तरुण कवीला हवे असलेले काव्य आपल्या घराण्यात आधीच आहे.

परंतु क्षणभरच. कारण त्या श्लोकातला अवेळचा मेघ केवळ दाता आहे, आणि आमच्यापुढे जे होते ते तसे नव्हते. आठ दिवसांपूर्वी आम्ही त्याच काठावर टिटवीचे घरटे पाहून ठेवले होते. घरटे कसले, एक व्हाळ जेथे धरणाला मिळतो तेथे, उघड्या मातीतला तळहाताएवढा खळगा, भोवती चार खडे, आणि आत मातीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी, टोके आत करून मांडलेली. त्या सोमवारी खळगा नव्हता. रात्रीच्या पावसाने व्हाळ भरून आला होता, आणि गढूळ पाण्याची एक जीभ त्या जागेवरून धरणात उतरत होती. नर-मादी दोघेही वर घिरट्या घालीत होते, खाली उतरत होते, पाण्याच्या कडेने चार पावले चालत होते, पुन्हा ओरडत उडत होते. टिटवीचा आवाज आपल्याकडे अशुभ मानतात. रात्री घरावरून ओरडत गेली तर म्हातारी माणसे देवाचे नाव घेतात. त्या सकाळी तो आवाज आम्हांला अशुभ वाटला नाही. एखाद्या पक्षकाराने कोर्टाच्या पायऱ्यांवर तेच तेच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा सांगावे तसा वाटला.

शेजारी म्हशी घेऊन उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाहून म्हणाले, "पावसान पंचांग वाचूंक ना, वकीलबाब."

टिटवीच्या गाऱ्हाण्याची दखल आपल्या वाङ्मयाने पूर्वीच घेतलेली आहे, आणि ती हंस-चकोरांच्या वाट्याला आलेल्या सन्मानाहून निराळी आहे. 'पंचतंत्रा'च्या मित्रभेदात टिट्टिभाची कथा आहे. मादी म्हणते, समुद्राच्या काठी अंडी घालणे बरे नव्हे, दुसरी जागा पाहू. नर फुशारकीने म्हणतो, समुद्राची काय बिशाद! समुद्र ते ऐकतो आणि लाटेने अंडी ओढून नेतो. तेव्हा टिट्टिभ चोचीने समुद्र उपसून काढण्याची प्रतिज्ञा करतो, सारे पक्षी जमवतो, ते गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे जातो, आणि विष्णू अग्निबाण सज्ज करताच समुद्र निमूटपणे अंडी परत करतो. ज्ञानदेवांनी 'ज्ञानेश्वरी'च्या आरंभी गीतेवर भाष्य करण्याच्या आपल्या साहसाला याच चोचीने समुद्र मापू पाहणाऱ्या टिटवीची उपमा दिली आहे. स्वतःसाठी उपमान निवडताना त्या महाकवीने हंस निवडला नाही, टिटवी निवडली, याकडे आमच्या कवींनी लक्ष द्यावे.

आणि या कथेतला तपशील किती खरा आहे! पाण्याजवळ उघड्या जमिनीवर अंडी घालणे, जागेवरून हटण्यास नकार देणे, आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रूवर ओरडत तुटून पडणे, हा टिटवीचा नित्याचा स्वभाव आहे. आम्ही तेथे असतानाच तांबूस पाठीची व पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार पाण्यावरून गेली, आणि ते दु:खी जोडपे आपले दु:ख टाकून तिच्या मागे लागले. दक्षिणेत अनेक ठिकाणी या घारीला गरुड मानून हात जोडतात. टिटवीच्या पिलावर झडप घालणारीही तीच. कथेतला वकील आणि काठावरचा वैरी एकाच रूपात आलेले पाहून आम्हांला आमच्या व्यवसायाविषयी काही विचार सुचले. ते येथे देत नाही.

मात्र कायद्याची एक गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी नष्ट करणे व घरटी विसकटणे यांचाही समावेश होतो. कोणी माणसाने ती चार अंडी फोडली असती तर त्याला नाव देता आले असते. पावसाने नेली, तर कायदा हात वर करतो. अशा घटनेला आमच्या भाषेत 'ईश्वरी करणी' म्हणण्याची पद्धत आहे. देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या आपल्या समाजाने या शब्दाचा जरा विचार करावा. पंचतंत्रात ईश्वर न्यायासनावर आहे आणि समुद्र आरोपी आहे. आमच्या कायद्याने ईश्वरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि वर त्याला निर्दोष सोडून प्रकरण मिटवले!

परंतु 'ईश्वरी करणी'चा बचाव टिकण्यासही अट असते: घटना अशी हवी की, सावध माणसाला तिची कल्पना येऊ शकली नसती. जी आपत्ती वारंवार येऊ लागते ती अकल्पित राहत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. आणि २६ मे रोजी तो मुंबईत होता, जे तेथल्या नोंदींत त्यापूर्वी कधी घडले नव्हते. तेव्हा वैशाख सरायचा होता. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि अरबी समुद्र तापत चालला आहे, हे आता कोणी नाकारीत नाही. एखाद्या विशिष्ट रात्रीच्या विशिष्ट सरीचा दोष अमक्यावर ठेवावा असा पुरावा आमच्यापाशी नाही, आणि पुराव्याशिवाय आरोप करणे आम्हांला शोभणार नाही. पण आगरवाड्याच्या मिठागरांत वाफ्यावर आलेले मीठ जेव्हा चैत्रात विरघळते, काजूचा मोहर जेव्हा काळा पडून गळतो, टिटवीचा खळगा जेव्हा वाहून जातो, तेव्हा 'देवाची इच्छा' म्हणून स्वस्थ बसणे ही भक्ती नव्हे. तो देवाच्या नावावर खपवलेला आळस होय.

काव्याचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, अवेळ कळण्यासाठी आधी वेळ ठाऊक असावी लागते, आणि सामान्य माणसाला ऋतूची वेळ कळते ती बहुतांशी वाङ्मयातून व सणावारांतून. आपले पंचांग या बाबतीत कवींपेक्षा शहाणे आहे. चांद्रमास ऋतूपासून सरकू लागले की, दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी ते अधिक मास घालून स्वतःला दुरुस्त करून घेते. शेतकरी तर त्याहून शहाणा. पावसाचा हिशेब तो सूर्याच्या नक्षत्रांवर ठेवतो, रोहिणी, मृग, आर्द्रा असा. काव्याच्या पंचांगात मात्र अधिक मास नाही. तेथे वसंत आला की मोहर, कोकिळ आणि मलयवायू हजर झालेच पाहिजेत, बाहेर काहीही होवो. ज्या समाजाची कविता चैत्रातला पाऊस पाहू शकत नाही, त्या समाजाला तो पाऊस कितव्यांदा आला हेही सांगता येणार नाही.

मराठी गद्याने या बाबतीत कवितेहून अधिक प्रामाणिकपणा दाखवला आहे, हे नमूद केले पाहिजे. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले, आणि चैत्रापासून बारा महिने एका जाणत्या बाईच्या डोळ्यांनी पाहण्याची सोय मराठी वाचकाला झाली. त्यांच्या लेखनात संस्कृत काव्याची स्मृती पानोपानी आहे. पण ती स्मृती डोळ्यांवर झापड म्हणून येत नाही, समोरच्या झाडाला उजाळा देण्यास येते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी तर वनखात्याच्या नोकरीत आयुष्य घालवून रानातल्या माणसांच्या तोंडची नावे गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. पक्ष्याचे खरे नाव भाषेत असल्याशिवाय तो कवितेत येणार कसा? एवढे मात्र म्हणावे लागते की, 'ऋतुचक्रा'च्या नावातच जो विश्वास आहे, चक्र फिरून पुन्हा तेथेच येईल हा, तो त्या पुस्तकाच्या पिढीला जितक्या सहजतेने ठेवता आला तितक्या सहजतेने आज ठेवता येत नाही. तसे पुस्तक आज कोणी लिहावयास बसला तर त्याला प्रत्येक महिन्याच्या समासात त्या त्या वर्षाचा आकडा टाकावा लागेल. हा त्या पुस्तकाचा दोष नव्हे. उलट, चक्र कोठे चुकते आहे हे मोजण्यासाठी त्याची गरज आज अधिक आहे.

म्हणून आमच्या कवींना, मराठीत लिहिणाऱ्यांना आणि कोंकणीत लिहिणाऱ्यांनाही, आमची विनंती हंस-चकोर हद्दपार करण्याची नाही. ते आपल्या घरचे देव्हाऱ्यातले पक्षी आहेत. त्यांची पूजा चालू द्या. पण देव्हारा म्हणजे अंगण नव्हे. अंगणात टिटवी आहे, पाणकावळा आहे, टिबुकली आहे, आणि चैत्रात पडलेला पाऊस आहे. राजशेखराचे पूर्वसूरी देशोदेशी फिरले आणि त्यांनी पाहिलेले पुढे संकेत झाले. आज आपण जे पाहून लिहू ते पुढच्या पिढ्यांचे संकेत होईल. आपण काहीच पाहिले नाही, तर त्यांच्याकडे वारसा म्हणून उरेल ती आमच्या आळसाची नक्कल.

वैशाखात, शिरगावच्या लईराईच्या जत्रेनंतर काही दिवसांनी, आम्ही पुन्हा आमठाण्यास गेलो. पाणी आणखी खाली गेले होते. टिटव्यांचे ते जोडपे, किंवा तसेच दुसरे, आता व्हाळापासून बऱ्याच उंचावर, तांबड्या खडकाळ उतारावर होते. दुर्बिणीतून बराच वेळ पाहिल्यावर खळगा सापडला. अंडी चार. नर पाण्याकडे उतरला, उथळात बसून त्याने पोटाची पिसे भिजवली, आणि परत येऊन तो त्या तापलेल्या अंड्यांवर ओल्या पोटाने बसला. मादी बाजूला सरकली. म्हशींचे मालक तेथेच होते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला होतो, असे पुष्कळ ठिकाणी समजतात, त्याविषयी आम्ही त्यांना विचारले. ते हसले. "पावसाचें म्हाका खबर ना," ते म्हणाले, "पूण टिटवी शाणी जाली, वकीलबाब."

त्याच संध्याकाळी आम्ही त्या तरुण कवीला पत्र लिहिले. त्याच्या वृत्ताची स्तुती केली, राजहंसांविषयी चकार शब्द काढला नाही, आणि एखाद्या सकाळी आमच्याबरोबर आमठाण्यास यावे, दुर्बीण आमच्यापाशी आहे, एवढेच सुचवले. उत्तर एका ओळीचे आले: पहाटे किती वाजता निघावे लागेल?